रीसेट झाला की टीटीवाययूएसबी० चं टीटीवाययूएसबी४ होतंय, ड्रायव्हरच पॅच करू का?

मीटरवाला_चाकण

नमस्कार मंडळी. एका प्लांटमध्ये एनर्जी मीटर वाचायला रास्पबेरी पाय ४ लावलाय, त्याला हब आणि हबवर सीएच३४० चिपवाले चार यूएसबी ते आरएस४८५ (मीटरची सिरियल वायर) कन्व्हर्टर. शेजारच्या पॅनलवरची मोठी मोटर सुरू झाली की कधीकधी एखादा कन्व्हर्टर क्षणभर गायब होतो आणि लगेच परत येतो, पण येतो तो नवीन नाव घेऊन, लिनक्समध्ये टीटीवाययूएसबी० चा टीटीवाययूएसबी४ होतो, आणि आमचा प्रोग्रॅम जुन्या नावाची वाट बघत बसतो. त्याहून वाईट म्हणजे रीबूटनंतर कधी २ आणि ३ ची अदलाबदल होते, मग रीडिंग व्यवस्थित येत राहतं पण भलत्याच पॅनलचं, कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या डोक्यात असं आहे की ड्रायव्हरमध्येच (चिप चालवणाऱ्या लिनक्सच्या कोडमध्येच) सोय करावी, त्याच पोर्टवर तीच चिप परत आली तर आधीचाच नंबर द्यायचा. कोणी केलंय का?

कर्नलकट्टा

पॅच करायच्या आधी दोन गोष्टी बघा. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, "रीसेट फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस" असं येतंय की "यूएसबी डिस्कनेक्ट"? डिस्कनेक्ट असेल आणि पुढच्या ओळीत डिव्हाइस नंबर वाढलेला असेल तर कर्नलच्या दृष्टीने जुनं यंत्र गेलं आणि नवीन आलं, सीएच३४० मध्ये सिरियल नंबरच नसतो त्यामुळे तेच परत आलंय हे ओळखायला त्याच्याकडे काही नाही. दुसरं, तुमच्या प्रोसेसच्या प्रॉक फोल्डरमधलं एफडी, म्हणजे त्याने उघडलेल्या फाइलींची यादी, उघडून बघा, तिथे टीटीवाययूएसबी० च्या पुढे "डिलीटेड" लिहिलेलं दिसेल असा माझा अंदाज.

मीटरवाला_चाकण

हो सर, डिस्कनेक्टच आहे, त्याच्या आधी "डिसेबल्ड बाय हब, ईएमआय?, री-एनेबलिंग" अशीही ओळ येते (ईएमआय म्हणजे विद्युत-चुंबकीय व्यत्यय). आणि डिलीटेड पण दिसतंय. त्याचा नक्की अर्थ काय?

कर्नलकट्टा

अर्थ असा की फाइल तुमच्या प्रोग्रॅमने अजून सोडलेली नाही. यूएसबी सिरियलमध्ये मायनर नंबर, म्हणजे नावातला आकडा, आयडीआर या कर्नलच्या नंबर वाटणाऱ्या यादीतून मिळतो, सगळ्यात लहान मोकळा असेल तो, आणि तो मोकळा होतो शेवटचा रेफरन्स सुटल्यावर, केबल निघाल्यावर नाही. डिस्कनेक्ट झाला की कर्नल त्या टीटीवायला (सिरियल पोर्टला) हँगअप करतो, म्हणजे लाइन तोडतो, पुढे रीड केलं तर शून्य बाइट येतात आणि राइट केलं तर ईआयओ ही एरर, पण क्लोज करायचं काम तुमचं. तेवढ्यात चिप परत आली तर ० अडकलेला, १ ते ३ बाकीच्यांकडे, म्हणून ४ मिळतो.

आता तुम्ही म्हणता तसा तोच नंबर जबरदस्तीने दिला तर काय होईल तेही सांगतो. टीटीवायचा नंबर म्हणजे ड्रायव्हरच्या टेबलमधली जागा, आणि त्या जागेवर अजून मेलेली टीटीवाय बसलेली आहे, नवीन ओपन करणाऱ्याच्या हातात तीच मेलेली पडेल. म्हणून हा पॅच करू नका असं अगदी स्पष्ट सांगतो. कुठल्या यंत्राला काय म्हणायचं हे कर्नलने ठरवायचं नाही, त्यासाठी यूडेव्ह हा कर्नलबाहेरचा प्रोग्रॅम आहे, कर्नलमध्ये नावं ठेवणारं डेव्हएफएस तर २००६ मध्ये २.६.१८ ला काढूनच टाकलं.

पाय_आणि_पोर्ट

यूडेव्हचा नियम लिहा, पण व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीवर लिहू नका, चारही चिप १ए८६ आणि ७५२३ च सांगणार आणि एकच सिमलिंक (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) चौघं ओढणार. डेव्ह सिरियलच्या बाय-आयडी फोल्डरमध्येही हाच गोंधळ, बाय-पाथ वापरा, तिथे नाव पोर्टवरून ठरतं. एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर चिपमध्ये कारखान्यातूनच वेगळा सिरियल नंबर येतो, पुढच्या खरेदीला ते घ्या. स्वस्तातली सीपी२१०२ चिपची बोर्डं मात्र पुष्कळदा सगळी ०००१ च सांगतात.

एफपीजीए_नाशिक

याच धाग्यात विचारतो, माझं स्वतःचं पीसीआयई कार्ड आहे आणि ड्रायव्हरही आमचाच. फर्मवेअर अडकलं की आम्ही कार्ड रीसेट करतो, रीसेटमध्ये रिमूव्ह आणि प्रोब (ड्रायव्हरची यंत्र सोडायची आणि जोडायची फंक्शनं) परत बोलावतो, आणि तिथेही नाव ० चं १ होतं. इथे तर यंत्र कुठे गेलेलं नसतं.

कर्नलकट्टा

तुमची केस वेगळी आहे आणि तुमच्याकडे दोष खरंच ड्रायव्हरमध्ये आहे. डिव्हाइस बनवणं, नंबर घेणं, सीडेव्ह (यंत्र फाइलसारखं उघडता यावं म्हणून) जोडणं हे सगळं प्रोबमध्ये एकदाच, आणि रीसेटने फक्त हार्डवेअरला हात लावायचा. एक स्टेट ठेवा, रीसेट सुरू झाला की नवीन कामं थांबवा, जे वाट बघत झोपलेत त्यांना उठवून एरर द्या, डीएमए (कार्डाने थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) बंद, मग रीसेट, रिंग (कामांची रांग) परत भरा, स्टेट परत लाइव्ह. एनव्हीएमई एसएसडीचा ड्रायव्हर बघा, कंट्रोलर रीसेट होतो तरी एनव्हीएमई० तोच राहतो कारण रीसेटचं काम करताना डिव्हाइस मोडतच नाहीत. सिसएफएसमधून (कर्नल यंत्रं फाइलींसारखी दाखवतो ते फोल्डर) कोणी रीसेट मारला तर त्यासाठी रीसेट-प्रिपेअर आणि रीसेट-डन हे दोन कॉलबॅक भरा. नेटवर्क कार्ड असतं तर डिटॅच आणि अटॅच, अनरजिस्टर नाही. आणि काही झालं तरी नंबर डिव्हाइस डिलीट होण्याच्या आधी मोकळा करू नका, नाहीतर सिसएफएस "डुप्लिकेट फाइलनेम" म्हणून ओरडेल.

मीटरवाला_चाकण

खूप आभार. शून्य बाइट किंवा ईआयओ आला की क्लोज करून दोन सेकंदांनी सिमलिंकच परत ओपन करायचं असं बदललंय. मोटर सुरू केली, कन्व्हर्टर गेला, आला, रीडिंग चालू राहिलं. यूडेव्हच्या नियमात कर्नल्स ही अट लिहून पोर्टचा पत्ता १-१.२.१ दिलाय, तो बरोबर ना?

पाय_आणि_पोर्ट

आज चालेल. पण त्यातला पहिला १ म्हणजे बस नंबर, आणि एकापेक्षा जास्त कंट्रोलर असले की तो बदलू शकतो, त्यापेक्षा यूडेव्हच्या आयडी पाथ वर मॅच करा. आणि नियमात नेम वापरू नका, ते नेटवर्क इंटरफेसलाच चालतं, इथे सिमलिंक प्लस इक्वल्स. उद्या पाय ५ टाकलात तर मात्र पाथ वेगळा येणार कारण तिथे यूएसबी आरपी१ चिपमधून निघतं, तेव्हा नियमांची फाइल नव्याने करावी लागेल. हबच्या प्रत्येक सॉकेटवर पॅनलचं नाव चिकटवून ठेवा, मेंटेनन्सवाल्याने केबल दुसऱ्या खाचेत घातली तर तुमचा नियम आनंदाने चुकीचं रीडिंग देईल. आणि बिलिंग असेल तर सुरू होताना मीटरचा स्वतःचा सिरियल नंबर मॉडबसवरून (मीटर ज्या प्रोटोकॉलने बोलतो तो) वाचून तपासा, बहुतेक मीटर तो रजिस्टरमध्ये देतात.