पंचवीस पानांची घरची पंगत : अळूची पातळ भाजी, मसालेभात, मठ्ठा

पाटरांगोळी

श्रावणात एका रविवारी सगळी चुलत-मामे-आते भावंडं, त्यांची मुलं आणि घरातली मोठी माणसं एकत्र जेवणार आहेत. साधारण २५ पानं. सगळ्यांना हवं आहे ते लहानपणी सणासुदीला पंगतीत मिळायचं तेच जेवण : साधं वरण-भात, अळूची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, मठ्ठा आणि जिलबी. जिलबी विकत आणू, बाकी सगळं घरच्याच गॅसवर. कांदा-लसूण नाही.

चार-पाच माणसांचं प्रमाण हाताला बसलेलं आहे, पण ते नुसतं पाचपट करून चालत नाही असं ऐकलं आहे. अळू घशाला खवखवू नये आणि पंगतीतल्यासारखं मिळून यावं, मसालेभात तळाला लागून वर कच्चा राहू नये, यासाठी नेमकं काय करायचं? वाढण्याचा क्रमही सांगा. मुलांना पान कसं मांडतात ते दाखवायचं आहे.

ओगराळं

अळूबद्दल सविस्तर लिहितो, कारण या बेतात सगळ्यात जास्त बिघडते ती हीच भाजी.

आधी पानं बघून घ्या. पातळ भाजीला फिक्या हिरव्या देठाचं, मऊ पानाचं अळू लागतं. काळपट-जांभळ्या देठाचं जाड पान वडीचं. ते शिजून एकजीव होत नाही, भाजीत धागे-धागे राहतात. जुडीचा आकार बाजारागणिक बदलतो म्हणून पानं मोजा : मध्यम आकाराची ५० पानं, देठांसकट. सोबत आंबट चुक्याच्या २ जुड्या. हरभरा डाळ २५० ग्रॅम आणि शेंगदाणे २५० ग्रॅम, दोन्ही वेगवेगळे ४-५ तास भिजवून. एका नारळाच्या ओल्या खोबऱ्याचे पातळ काप, डाळीचं पीठ १५० ग्रॅम, गूळ २०० ग्रॅम, चिंच ६० ग्रॅम. यात साधारण ५ लिटर भाजी होते, म्हणजे प्रत्येकाला द्रोणभर आणि मागणाऱ्याला पुन्हा अर्धा द्रोण.

खाज येते ती पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. पान अर्धवट शिजलं की या सुया घशाला टोचतात. म्हणून भरपूर शिजवणं आणि आंबट घालणं या दोन्ही गोष्टी हव्यात, एकीवर भागवू नका. चिरण्याआधी हाताला तेल किंवा चिंचेचं पाणी लावा. देठ सोलताना वरची साल टोकाकडून ओढली की सलग निघते. ती ठेवली तर भाजीत दोरे लागतात.

अळू, देठ आणि चुका कुकरमध्ये अगदी थोड्या पाण्यात ४ शिट्ट्या काढून शिजवा. ७ लिटरचा कुकर असेल तरी दोनदा लावा, पानं दाबून भरू नका. डाळ आणि दाणे वेगळ्या डब्यात, ३ शिट्ट्या. डाळ अख्खी दिसली पाहिजे, पण बोटात दाबली की मोडली पाहिजे. डाळ अळूतच घालून चिंचेबरोबर शिजवायची घाई केली तर ती कडकच राहते, आंबटात डाळ मऊ होत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर डाळीला गाळलेलं पिण्याचं पाणी वापरा.

पानं गरम असतानाच पाणी निथळून बाजूला ठेवा, डाळीचं पीठ पानांवर भुरभुरवा आणि रवीने घोटा. पाणी तसंच ठेवून घोटलं तर पीठ गुठळ्या धरतं. पूर्ण लगदाही करू नका, देठाचे तुकडे जिभेला कळले पाहिजेत. मिक्सर तर अजिबात नको, त्याने भाजी गोंदासारखी चिकट होते.

फोडणी मोठ्या पातेल्यात : तेल १५० मिली, मोहरी, १ चहाचा चमचा मेथीदाणे, हिंग सढळ हाताने, हळद, ८-१० हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. मेथी तांबूस झाली की लगेच पुढचं घाला, काळी पडली तर सगळी भाजी कडू. त्यात घोटलेलं अळू, डाळ-दाणे, खोबरं, बाजूला काढलेलं पाणी आणि लागेल तसं उकळतं पाणी. उकळी आली की चिंचेचा कोळ, गूळ, ३ मोठे चमचे गोडा मसाला, ४० ग्रॅम मीठ. मंद आचेवर २० मिनिटं, अधूनमधून तळापासून हलवत. पीठ नीट शिजलं की वर तेलाचे बारीक थेंब दिसतात. तोवर कच्च्या पिठाचा वास जात नाही.

शेवटी एक चमचा भाजी खाऊन पाच मिनिटं थांबा. घसा किंचित खवखवला तर आणखी थोडा कोळ घालून १० मिनिटं उकळा. मुलांना वाढायचं आहे, ही पाच मिनिटं वाचवू नका.

कुळागर

वरचं प्रमाण देशावरच्या पद्धतीचं आहे आणि उत्तम आहे. कोकण-गोव्याकडच्या घरांत श्रावणात अळवात आंबाडे घालतात. ते मिळाले तर १५-२० ठेचून घाला आणि चिंच निम्मी करा. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या असतील तर रात्रभर भिजवून, सोलून, डाळीच्याच डब्यात शिजवा. आठळीचा पिठूळपणा या भाजीत फार छान लागतो, आणि ज्यांचं आजोळ तिकडचं आहे ते तिचीच वाट बघत असतात.

पावसाळ्यात रानात उगवणारं तेरं मात्र पंगतीला घेऊ नका. ते चविष्ट असतं पण जास्त खाजतं, आणि ते करायला सवयीचा हात लागतो.

आंबेमोहोर

मसालेभाताचं. पुढेमागे वरण-भात आणि जिलबी असताना माणशी ६० ग्रॅम तांदूळ पुरतो, म्हणजे दीड किलो. साध्या भाताला सव्वा किलो, त्यातलाच मागचा ताकभातही होतो. वरणाला तूरडाळ ६०० ग्रॅम.

नुसतं पाचपट करून चालत नाही ते पाण्यामुळे. छोट्या पातेल्यात पाण्याचा बराच भाग वाफ होऊन जातो, मोठ्या झाकलेल्या पातेल्यात तुलनेने कमी जातो. घरी एका वाटीला अडीच वाट्या पाणी घालत असाल तर इथे दोनच. तांदूळ नवा असेल तर पावणेदोन. दीड किलो एकाच पातेल्यात लावण्यापेक्षा ७५० ग्रॅमचे दोन घाणे करा. घरच्या शेगडीची आच मोठ्या पातेल्याच्या कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून मध्ये करपतं आणि कडेला कच्चं राहतं.

तांदूळ धुऊन अर्धा तास चाळणीत निथळत ठेवा. दोन्ही घाण्यांना मिळून तेल २५० मिली, तोंडली ७५० ग्रॅम उभी चार फोडी करून, मटार ५०० ग्रॅम, काजू १०० ग्रॅम. फोडणीत आधी तोंडली परता, कडा आक्रसल्या की तांदूळ घाला आणि दाणा कोरडा होऊन कलथ्याला चिकटायचा थांबेपर्यंत परता. इथे घाई झाली की भात गिचका होतो. मसाला ताजा कुटा : धणे ४ मोठे चमचे, जिरे २, तीळ २, सुकं खोबरं अर्धी वाटी, लवंगा १०, दालचिनीचे बोटभर २ तुकडे, मिरी १५, सगळं वेगवेगळं भाजून. त्यात २ चमचे गोडा मसाला. मीठ दोन्ही घाण्यांत मिळून ५० ग्रॅम.

पाणी उकळतंच घाला. पाणी तांदळाच्या पातळीला आलं की मटार वर पसरा, पातेल्याखाली जाड तवा सरकवा, आच अगदी मंद आणि घट्ट झाकण. १५ मिनिटांनी गॅस बंद, पुढची १५ मिनिटं झाकण उघडू नका. हलवायचं नाही, कडेने कलथा घालून उलटायचं. वाढताना वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि साजूक तूप.

पाटरांगोळी

फार उपयोगी, दोघातिघांचेही आभार. आदल्या दिवशी यातलं काय करून ठेवता येईल? आणि मठ्ठ्याचं प्रमाण?

वाढपी

आदल्या रात्री : अळू निवडून, सोलून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवणं. चिरायचं सकाळीच. डाळ-दाणे श्रावणातल्या दमट हवेत रात्रभर बाहेर भिजत ठेवू नका, फेस येऊन आंबूस होतात. फ्रीजमध्ये ठेवा किंवा पहाटे भिजवा. मसाला कुटून डब्यात, खोबरं खवून फ्रीजमध्ये. अळूची भाजी जेवणाआधी दोन तास तयार असली तर उलट मुरते, फक्त पिठामुळे घट्ट होते. वाढायच्या आधी वाटी-दोन वाटी उकळतं पाणी घालून एक उकळी काढा.

मठ्ठ्याला २ लिटर गोडसर दही, अडीच लिटर गार पाणी. घुसळून त्यात मीठ, साखर ४ मोठे चमचे, जिरेपूड, चिमूट हिंग, कोथिंबीर, आणि आलं-मिरची वाटून त्याचा गाळलेला रस. आलं शेवटच्या अर्ध्या तासातच घाला, फार वेळ दह्यात राहिलं की कडवटपणा येतो. जिलबी अडीच किलो, त्याच सकाळी आणा आणि बंद डब्यात ठेवू नका, वाफेने मऊ पडते.

पान असं : केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वर मधोमध मीठ. मिठाच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी आणि अळूचा द्रोण. समोर मधोमध भाताची मूद, त्यावर वरण, सगळ्यात शेवटी तूप. तूप पडलं की पान पूर्ण झालं, मग श्लोक आणि सुरुवात. मुलांना आधीच सांगून ठेवा की आळीपाळीने एकेक श्लोक म्हणायचा आहे, म्हणजे आयत्या वेळी ती लाजत नाहीत.

वरण-भात निम्मा झाला की अळू पुन्हा फिरवा. मग मसालेभात, त्यावर तूप, मग जिलबी आणि मठ्ठा, शेवटी साधा भात आणि ताक. त्यासाठी दही लिटरभर वेगळं ठेवा.

२५ जणांना दोन पंगती करा : पहिली मुलांची आणि आजी-आजोबांची, १२-१३ पानांची. वाढायला चार माणसं. भात-मसालेभात एकाकडे, वरण आणि अळू ओगराळ्याने दुसऱ्याकडे, तूप-मीठ-लिंबू तिसऱ्याकडे, पाणी आणि मठ्ठा चौथ्याकडे. वाढप्याने एकाच टोकाकडून सुरुवात करायची, मध्येच कोणी हाक मारली तरी ओळ सोडायची नाही, नाहीतर कुणाच्या तरी पानावर तूप राहून जातं. पहिल्या पंगतीला अळू मोकळ्या हाताने वाढा, पण दोन लिटर दुसऱ्या पातेल्यात आधीच काढून झाकून ठेवा. दुसऱ्या पंगतीत बहुतेकदा वाढणारीच माणसं बसतात आणि त्यांच्या वाट्याला नुसता रस येतो.