पिल्लं दर वेताला बारीक होत चाललीत, एकाच रक्ताचा प्रॉब्लेम असेल का? बोकड बदलू का जात बदलू?

अनेरकाठ (ता. शिरपूर)

राम राम मंडळी. आमच्याकडे पंचवीसेक गावरान बकऱ्या आहेत, वडिलांच्या वेळेपासूनचा कळप, बाहेरून बकरी अशी आणलीच नाही, घरच्याच पाटी (तरुण माद्या) ठेवत आलो. बोकड एकच, तोही घरचा, त्याच्या आधी त्याचा बाप होता. गावातल्या अजून सात-आठ घरांच्या बकऱ्या सोबतच गायरानात जातात, सगळ्यांना हाच लागतो.

आता त्रास असा की गेल्या काही वेतांपासून जुळी कमी झालीत, पिल्लू दीड किलो पण भरत नाही, उभं राहायला वेळ लावतं आणि बरीच पिल्लं पहिल्या पंधरवड्यातच जातात. एका पिल्लाचा खालचा जबडा आखूड होता, त्याला सडच धरता येईना. पाटी वर्षाच्या होऊन गेल्या तरी माजावर नाहीत. जंताचं औषध वेळेवर आहे, पीपीआर (बकऱ्यांचा साथीचा विषाणू रोग) आणि आंत्रविषार (आतड्याचा जीवघेणा रोग) यांची लस झालीय, चारा पण बरा आहे, पऱ्हाटी चरतात वर बाभळीच्या शेंगा, घरी तुरीचं कुटार.

पाहुणे म्हणतात सरळ सिरोही नाहीतर बोअर जातीचा बोकड आण, सगळं सुधरेल. वडील म्हणतात गावरान मोडू नको, आपल्या उन्हात तीच टिकते. कोणाचं ऐकू? आणि हे खरंच एका रक्तामुळे होतंय का?

---

निवृत्त पशुवैद्यक, धुळे

भाऊ, तुम्ही जे लिहिलं त्यातलं बरंचसं इनब्रीडिंगकडेच, म्हणजे नात्यातल्या नात्यात होणाऱ्या पैदाशीकडेच, बोट दाखवतं, पण आधी एक काम करा. पिल्लं मरण्याची कारणं वेगळी पण असतात, चीक उशिरा पाजला, गोठा ओला राहिला, हगवण लागली, निमोनिया झाला तरी पिल्लू जातं, आणि बकऱ्या मधेच गाभडत असतील तर ब्रुसेलाची (गर्भ पाडणारा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी करूनच घ्या. पाटी माजावर येत नाहीत त्यात मिनरल मिक्स्चरची कमी पण असू शकते. हे तपासून झालं की मग रक्ताकडे या. मात्र सगळं एकदम दिसतंय, म्हणजे वजन कमी, जुळी कमी, जबडा आखूड, माज उशिरा, आणि बोकड दोन पिढ्या घरचाच, तर माझा अंदाज रक्ताचाच आहे.

गणित समजून घ्या. बोकड आपल्या लेकीला लागला तर त्या पिल्लाच्या २५ टक्के जनुकांत आईकडची आणि बापाकडची प्रत एकाच पूर्वजाची, हुबेहूब तीच येऊ शकते. सख्ख्या भाऊ-बहिणीचं पण २५ टक्केच. सावत्र भाऊ-बहीण (बाप एक, आया वेगळ्या) असतील तर साडेबारा, आजा आणि नातीचं पण साडेबारा. प्रत्येक जनावरात काही खराब जनुकं दडलेली असतात, एकच प्रत असेल तर त्रास होत नाही, दोन्ही प्रती खराब आल्या की मग बाहेर पडतं. आणि जगणं, वाढणं, गाभण राहणं या गोष्टींवर सगळ्यात आधी परिणाम होतो, रंगावर किंवा शिंगांवर नाही, त्यामुळे कळप दिसायला छान असतो आणि आतून पोकळ होत जातो.

दुसरं म्हणजे बकऱ्या किती आहेत याला फार अर्थ नाही, बोकड किती याला आहे. २५ बकऱ्यांमागे एक बोकड असेल तर पैदाशीच्या हिशोबाने तो कळप फक्त चारेक जनावरांचा धरतात आणि एका पिढीत सुमारे १३ टक्के इनब्रीडिंग वाढतं. त्याच कळपात नात्यात नसलेले दोन बोकड ठेवले तर ते ७ टक्क्यांच्या आत येतं. जगात साधारण पिढीला १ टक्क्याच्या आत ठेवा असं सांगतात, आणि ते एका घरच्या कळपात जमणारच नाही, म्हणून रक्त बाहेरूनच आणावं लागतं.

आता चांगली बातमी. तुमच्या बकऱ्या कितीही एकमेकींच्या नात्यातल्या असू द्या, त्यांना बिलकुल नात्यात नसलेला बोकड लावला तर जी पिल्लं होतील त्यांच्यात इनब्रीडिंग शून्य असतं, एका वेतात. फक्त आईला दूध कमी असेल तर पहिल्या वेताला पिल्लं थोडी मागे राहतील, पण त्या पाटी मोठ्या झाल्या की फरक दिसतो. त्यामुळे बोकड बदला, जात बदलायची गरज नाही.

---

सातपुडा_पायथा (चोपडा)

डॉक्टर साहेबांनी सांगितलं ते बरोबर शे, मी फक्त गावात काय चालतं ते सांगतो. आमच्याकडे बकरी ईद जवळ आली की व्यापारी घरोघर फिरतो आणि जो बोकड सगळ्यात उंच, सगळ्यात भरलेला, तोच उचलतो, भाव पण त्यालाच. मग मागे कोण राहतं तर जो विकला गेला नाही तो, बारीक, उशिरा वाढलेला, आणि तोच वर्षभर सगळ्या बकऱ्यांना लागतो. म्हणजे एक तर रक्त तेच आणि वर त्यातला कमजोर. दर वर्षी हेच चालू आहे आणि गावात कोणी यावर बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पैसे तर त्या चांगल्या बोकडाच्या पोरांतून जास्त मिळाले असते.

आम्ही तीन गावांनी मिळून असं ठरवलंय की पैदाशीचा बोकड ईदला विकायचा नाही, दीड वर्षाने पुढच्या गावाला द्यायचा आणि मागच्या गावाचा आपण घ्यायचा, चक्र फिरतं तसं. खर्च जवळपास नाही, फक्त नेण्या-आणण्याचा. पण भाऊ एक बघ, शेजारच्या गावाचा बोकड घेतला आणि तो पण तुझ्याच बोकडाचा भाऊ निघाला तर काहीच उपयोग नाही. आपल्याकडे सोयरिकीत बकऱ्या देतात-घेतात, त्यामुळे कुठली बकरी कुठून आली ते म्हाताऱ्यांना विचार, त्यांना सगळं पाठ असतं.

आणि तू एकट्याने बोकड बदलून काय होणार? गायरानात सात-आठ घरच्या बकऱ्या सोबत आहेत ना, त्यांच्यात बिन खच्ची केलेले बोकड्ये फिरतच असतील. सगळ्यांना एका ओट्यावर बसव आधी.

---

गोटफार्म_पाचोरा

पण मोठे ब्रीडर लोक तर मुद्दाम लाईन ब्रीडिंग करतात ना? चांगल्या बोकडाची लेक परत त्यालाच लावतात म्हणजे क्वालिटी फिक्स होते असं मी एका व्हिडिओत पाहिलंय.

---

निवृत्त पशुवैद्यक, धुळे

करतात, पण त्यांच्याकडे प्रत्येक जनावराची नोंद असते, वजनं असतात आणि खराब निघालेलं प्रत्येक पिल्लू ते पैदाशीतून काढतात. शिवाय चांगलं फिक्स होतं तसं वाईटही फिक्स होतं. ज्याच्या घरी पंचवीस बकऱ्या आणि त्यांच्यावरच पोराची फी अवलंबून, त्याने या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

गिरणाथडी_ताई (भडगाव)

दादा, तुमच्या वडिलांचं ऐका. मी सिरोहीच्या विरोधात नाही, राजस्थानची बकरी आहे, ऊन तिला नवीन नाही, पण तिला अंगाप्रमाणे खायला लागतं आणि आपली बकरी जे खुरटं झुडूप खाऊन मे महिन्यातही दूध देते ते सगळ्यांना जमत नाही. बोअरचं तर अजून वेगळं, पिल्लू मोठं असतं आणि आपली बकरी अंगाने लहान, व्यायला अडली की रात्री डॉक्टर कुठून आणायचा? शिवाय पहिली क्रॉस पिल्लं छान दिसतात म्हणून सगळं गाव तेच करतं आणि दहा वर्षांनी अख्ख्या पट्ट्यात मूळ बकरी शिल्लक राहत नाही. राज्यातल्या नोंदणी झालेल्या जाती म्हटलं की उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ ही नावं येतात, आपल्याकडची बहुतेक बकरी नुसती गावरान म्हणून मोजली जाते, मग ती गेली तरी कोणाला कळणार पण नाही. तापीच्या पट्ट्यात सुरतीसारख्या पांढऱ्या दुधाळ बकऱ्या दिसतात, सातपुड्यात पावरा आदिवासींकडे काटक, डोंगर चढणाऱ्या असतात, एवढा माल आपल्याच तीन जिल्ह्यांत आहे. बोकड तिथून शोधा.

अजून एक विचारायचं होतं डॉक्टरांना. आमच्याकडे दोन पाटी अशा निघाल्या की धड नर नाही धड मादी नाही, माजावर येतच नाहीत आणि वास बोकडासारखा. हे पण एकाच रक्तामुळे का?

---

निवृत्त पशुवैद्यक, धुळे

ताई, त्या दोघींचे आई-बाप बिनशिंगाचे होते का बघा, म्हणजे जन्मापासूनच बोडके. बकरीत शिंग नसण्याच्या जनुकासोबत हा दोष जोडलेला आहे, दोन्ही बाजूंनी तोच आला तर मादी पिल्लू असं अर्धवट होतं. त्यामुळे हा इनब्रीडिंगशिवायही होतो, फक्त एकाच घरचे बोडके बोकड ठेवत गेलं की जास्त दिसतो. उपाय सोपा आहे, पैदाशीचा बोकड जन्मतः शिंगवाला घ्या, मग बकऱ्या बोडक्या असल्या तरी ही भानगड होत नाही.

---

अनेरकाठ

सगळ्यांचे खूप आभार. वडिलांना वाचून दाखवलं, ताईंचं उत्तर त्यांनी दोनदा वाचायला लावलं. आता बोकड बाहेरूनच बघतो. पण कुठून बघू, निवडताना काय पाहू आणि जुन्या बोकडाचं काय करू? घरच्या लहान बोकड्यांचं पण सांगा.

---

निवृत्त पशुवैद्यक, धुळे

जुना बोकड अंगाने चांगला असेल तर लांबच्या गावात पैदाशीला द्या, तिथे त्याचं रक्त नवीन आहे. बोकड्ये तीन महिन्यांचे झाले की आयांपासून, बहिणींपासून वेगळे करा नाहीतर खच्ची करून घ्या, चार-पाच महिन्यांचा बोकड्या पण बकरी गाभण करतो, लोकांना हे पटत नाही पण बऱ्याच घरी गडबड तिथूनच होते.

बाजारात घेणार असाल तर कोणत्या गावचा आहे ते विचाराच, पण बाजारापेक्षा घरी जाऊन त्याची आई बघून घेतलेला बरा. आईला दूध किती, जुळी देते का, बोकडाचे दोन्ही गोटे सारखे आहेत का, जबडा वर-खाली बरोबर बसतो का, पाय सरळ आहेत का, एवढं बघा. वय वर्ष-दीड वर्ष. चाळीसगाव तालुक्यात बिलाखेडला शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथेही चौकशी करून ठेवा. आणल्यावर लगेच कळपात सोडू नका, तीन आठवडे वेगळा बांधा, पीपीआर झालीय का ते विचारा, ब्रुसेला तपासून घ्या.

आणि तारीख लिहून ठेवा. बोकड लागल्यापासून पाच महिन्यांनी पिल्लं, त्यातल्या पाटी आठ-दहा महिन्यांत माजावर येणार, म्हणजे सव्वा-दीड वर्षात त्याच्या लेकी त्याच्यासमोर उभ्या राहतात. तोवर पुढचा बोकड ठरलेला पाहिजे. कानात बिल्ले मारा, साध्या वहीत आईचा नंबर, बापाचा नंबर, जन्मतारीख, एकटं का जुळं आणि वजन एवढंच लिहा.

---

सातपुडा_पायथा (चोपडा)

भो, आमच्या चक्रातला एक बोकड या पोळ्यानंतर मोकळा होतोय. शिंगवाला आहे, जुळ्यातला आहे, आई सातपुड्यातली, अनेरच्या तुमच्या बाजूला आमचं बकऱ्यांचं देणं-घेणं कधी झालेलं नाही. आधी येऊन बघून जा, आईला पण दाखवतो. तुझा जुना बोकड जबड्याने ठीक असेल आणि त्याच्या पिल्लांत तो आखूड जबडा परत दिसलेला नसेल तरच आम्ही घेऊ, तेवढं नीट बघून सांग.