मदत हवी आहे: अभ्यासिकेतला आवाज कमी कसा करावा?

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या अभ्यासिकेसाठी सल्ला हवा आहे. हॉल ६० बाय ३० फूट, शहाबादी फरशी, उघड्या भिंती, १०० खुर्च्या. मोबाइलच्या अ‍ॅपवर सकाळी ४२ डेसिबल, संध्याकाळी सहानंतर ६०. आकडा ढोबळ, पण फरक खरा आहे. कायद्यानं ठरवलेल्या शांतता क्षेत्राची (रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयांच्या आसपासचा भाग) दिवसाची मर्यादासुद्धा ५० आहे!

सगळ्यात जास्त त्रास खुर्च्या सरकवण्याचा. पायांना चिकटवलेले फेल्टचे तुकडे धुळीमुळे डिंक सुटून महिन्याभरात पडतात. पाइपच्या आत बसणारी प्लॅस्टिकची बुचं फरशीवर करकरतात. २२ मिमी पाइपवर बाहेरून बसणारी जाड रबरी बुचं कोणी वापरली आहेत का? किती टिकतात, फरशीवर काळे डाग पडतात का?

दुसरं, ५० मिमी रॉकवूलवर (आवाज शोषणारी दगडी लोकर) कापड ताणून पॅनेल करायची आहेत. त्यानं घुमणं कमी होईल, शेजारच्या टेबलावरची कुजबुज नाही, याची कल्पना आहे. बजेट एकाच जागेचं आहे, मग आधी छत की भिंती? छताला पंखे आड येतात. अंड्यांचे ट्रे कृपया सुचवू नका, ते आवाज फारसा शोषत नाहीत आणि चटकन पेट घेतात.

गटचर्चेसाठी वेगळी खोली दिल्यावर हॉलमधलं बोलणं खरंच कमी झालं का, तेही सांगा.