नागपुरात एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग कुठे असते? दादासाठी विचारून राहिलो

हिंगणारोडवाला:
नमस्कार मंडळी. दादा ४१ चा आहे, एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. आधी फक्त शनिवारी बसायचा मग रोज, आता सकाळी उठल्याबरोबर लागते नाही तं हात असा थरथरतो की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मागं एका सेंटरमध्ये महिनाभर ठेवला होता, पैसे गेले, घरी आल्यावर आठव्या दिवशी परत सुरू. यंदा तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, पुतण्याचा बैल सजवून ठेवला होता, दादा म्हणाला मी नेतो. दुपारी टीव्हीवर मारबत (इडापिडा घेऊन जा म्हणत काढतात ती पुतळ्याची मिरवणूक) सुरू होती तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "बाटली पण घेऊन जा गे मारबत", दादा मागंच उभा होता, काही न बोलता बाहेर गेला तो गेलाच. पोरगा बैलाची दोरी धरून अंधार पडेपर्यंत गेटपाशी बसून. मी घेऊन गेलो तोवर बक्षिसं वाटून झाली होती.
रात्री दादा स्वतःच म्हणाला, ते मीटिंगवाले असतात म्हणे, पाह्य बरं कुठं असते. तर कुठं असते, फी किती, मराठीत बोलतात का, आणि देवाधर्माचं असेल तर तो येणार नाही. घराजवळची नको म्हणतो, कोणी पाहील.

फक्तआजचादिवस:
भाऊ मी स्वतः एएत आहे, ९ वर्षं झाली. जागा-वेळ इथं टाकत नाही कारण त्या बदलत असतात, एए इंडियाच्या वेबसाइटवर शहराप्रमाणे लिस्ट आणि हेल्पलाइन आहे, आधी फोन कर. फोनवर बोलणारा पण आपल्यातलाच असतो. तू नको बोलू, दादाच्या हातात फोन दे.
फी नाही. शेवटी झोळी फिरते, ज्याला वाटलं तो दहा-वीस टाकतो, नवीन माणसानं नाही टाकले तरी कोणी पाहत नाही. पहिल्या दिवशी काही बोललंच पाहिजे असंही नाही. मराठी-हिंदी मिक्स चालते, आपल्या नागपूरसारखंच. मीटिंग बरेचदा शाळेच्या नाही तं चर्चच्या खोलीत असते म्हणून लोक दचकतात, पण ती फक्त जागा आहे. ईश्वर हा शब्द येतो, पण "जसा आम्हाला समजला तसा" असं म्हणतात, मी पहिली दोन वर्षं तेवढं वाक्य गाळून वाचायचो. १९३५ ला अमेरिकेत एक शेअर बाजारवाला आणि एक सर्जन, दोघंही पक्के पिणारे, यांनी हे सुरू केलं, भारतात १९५७ पासून आहे. त्यामुळे इथं साहेब कोणी नाही, सगळे पेशंटच.
आणि कोणी पाहील म्हणजे काय? वाइन शॉपच्या लाइनीत सगळा मोहल्ला पाहत होता तेव्हा चाललं ना. तरी पहिल्यांदा दूरची मीटिंग घ्या, काही बिघडत नाही. मी स्वतः बाहेर चपलांपाशी वीस मिनिटं उभा होतो, एका काकांनी काही न विचारता चहाचा कप हातात दिला म्हणून आत गेलो.

नाईटड्युटी:
एक मिनिट, मी वॉर्डात काम करते. सकाळी हात थरथरतो म्हणजे शरीराला सवय लागली आहे, अशा माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका प्लीज. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास, बडबड, ताप, त्यात माणूस जाऊसुद्धा शकतो. आधी मेडिकल नाही तर मेयो, या सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, गोळ्या आणि व्हिटॅमिन बी१ देऊन उतरवतात, मीटिंग त्याच्यासोबत चालू दे. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट. आणि वहिनीला कोणी सांगितलं की भाजीत गुपचूप दारू सोडवायची गोळी टाक तर अजिबात नाही, त्यावर तो प्यायला तर बीपी पडून थेट आयसीयू.

संत्राबर्फी:
वर्ध्याला पाठवा न बाप्पा, तिथं दारूबंदी आहे 😄

सेवाग्रामएक्सप्रेस:
मी वर्ध्याचाच आहे. इथं १९७५ पासून बंदी आहे आणि माझी सुटली २०१६ ला. मधले हिशोब तुम्हीच करा.

मनीषनगरची:
दादाचं सगळे सांगून राहिले, वहिनीचं कोणी बोललं नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन असते, वेगळी मीटिंग. मी आधी ह्यांच्यासाठी म्हणून गेले, म्हटलं तिथं दारू सोडवायची युक्ती सांगतील. तसलं काही सांगत नाहीत, चिडलेच होते मी. पण बाटल्या शोधणं, नवऱ्याच्या ऑफिसात ताप आहे म्हणून खोटं सांगणं, हे माझं मी बंद केलं ते तिथंच. हे अजून पितात. मी मात्र रात्री झोपते.

हिंगणारोडवाला:
सगळ्यांचे आभार. काल मेडिकलला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, पाच दिवसांनी परत बोलावलंय. संध्याकाळी एएच्या हेल्पलाइनला लावून फोन दादाला दिला. गच्चीवर जाऊन अर्धा तास बोलला. रविवारी ते फोनवरचे काका मेट्रो स्टेशनवर घ्यायला येतो म्हणाले. वहिनीला अल-अनॉनचं सांगितलं, पाहते म्हणाली. आणि त्या माणसानं आडनाव विचारलंच नाही, दादाला कालपासून त्याचंच नवल वाटून राहिलं.