पाण्याने दगड विरघळतो? मग येऊरच्या डोंगरात गुहा का नाही?

घोडबंदरचा_गणू:
मेघालय करून आलो परवा. चेरापुंजीजवळच्या मॉसमाई गुहेत वाकून वाकून कंबरडं मोडलं पण डोळे फाटले अक्षरशः. गाईड म्हणे हे सगळं पाण्याने कोरलंय. आता पाऊस आम्हाला ठाण्यात पण झोडपतोच की, येऊरचा डोंगर चार महिने भिजतो, मग इथे का नाही काही? (कान्हेरी सांगू नका, ती माणसांनी खोदलीये एवढं कळतं मला.) आणि नदी जमिनीखाली जाते म्हणजे काय होतं नक्की?

कातळवेडा:
गणूभाऊ, दगड वेगळा. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचा बेसॉल्ट, तो झिजतो, कुजतो, पण चुनखडीसारखा विरघळून वाहून जात नाही. पावसाचं पाणी हवेतून थोडा आणि मातीतून भरपूर कार्बन डायऑक्साइड उचलतं, सोडावॉटरसारखं किंचित आंबट होतं आणि चुनखडीच्या भेगांत शिरतं. जी भेग जरा मोठी तिच्यातून पाणी जास्त, म्हणून ती अजून मोठी, असं हजारो लाखो वर्षं चालतं आणि शेवटी वरचा ओढाच एखाद्या भोकातून आत गडप होतो न् कुठेतरी लांब डोंगराच्या पायथ्याशी बाहेर येतो. फिलिपिन्समध्ये प्वेर्तो प्रिन्सेसाची नदी ८ किलोमीटरच्या वर गुहेतून वाहते आणि थेट समुद्राला मिळते, भरतीचं पाणी आत घुसतं!

घोडबंदरचा_गणू:
पण थंड पाण्यात गॅस जास्त मुरतो ना? गरम सोडा लगेच फुस्स होतो. मग युरोपात जास्त व्हायला पाहिजे.

कातळवेडा:
बरोबर पकडलंत. तिकडे पण आहेत की, कार्स्ट, म्हणजे चुनखडी विरघळून झालेला असला गुहा-भोकांचा प्रदेश, हे नावच स्लोव्हेनियाकडच्या पठारावरून आलंय. पण उष्ण जंगलात पालापाचोळा सडतो, मुळं श्वास सोडतात, मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या कितीतरी पट जास्त असतो, वर पाऊस धो धो. नुसत्या तापमानावर जाऊ नका. व्हिएतनामच्या हा लाँग बेमधले ते समुद्रातले उभे सुळके पण चुनखडीच विरघळून उरलेत.

खारघरची_ताई:
मधेच विचारते हं, आमच्या पार्किंगमध्ये स्लॅब गळतो तिथे पांढरे सुळके लोंबायला लागलेत, कमिटी म्हणते वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षी. म्हणजे आमची पण गुहा होतेय का 😂

कातळवेडा:
ताई दिसायला सेम, केमिस्ट्री जवळजवळ उलटी. गुहेत थेंबातला गॅस उडून जातो म्हणून चुना मागे राहतो. तुमच्याकडे काँक्रीटमधला चुना पाण्यात येतो आणि हवेतला गॅस ओढून घेऊन पांढरा घट्ट होतो. म्हणून गुहेपेक्षा कितीतरी भराभर वाढतात हे. बाकी त्याच्याखाली गाडी लावू नका, पाणी अल्कलाइन असतं, रंगावर डाग बसला की निघत नाही.

खारघरची_ताई:
चेअरमनचीच गाडी असते तिथे. सांगू की नको 🤔