शब्दचर्चा: ‘स्पुरियस इंटरप्ट’ला मराठीत काय म्हणावं?

लोलक: लिनक्स कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) इंटरप्टच्या बिघाडांवर मराठीत टिपणं लिहितोय. ‘इंटरप्ट’, म्हणजे उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक, तसाच ठेवलाय. ‘व्यत्यय’ म्हटलं की काहीतरी अडलंय असं वाटतं, आणि इथे तर सगळं काम त्यावरच चालतं. अडलंय ते ‘स्पुरियस’पाशी, म्हणजे खोट्या, विनाकारण आलेल्या वाटणाऱ्या इंटरप्टपाशी. ‘बनावट’ चालेल का?

खटका: बनावट नको, त्यात कुणीतरी मुद्दाम केल्याचा अर्थ येतो. शिवाय या एका इंग्रजी शब्दाखाली दोन वेगळे बिघाड येतात, त्यांना एकच नाव दिलं तर वाचणारा चुकीच्या जागी शोधत बसेल.

पहिला जुन्या ८२५९ कंट्रोलरचा, म्हणजे उपकरणांचे इंटरप्ट प्रोसेसरपर्यंत पोचवणाऱ्या चिपचा. उपकरणाची लाइन (सिग्नलची तार) वर गेली, पण प्रोसेसरने पोच देण्याआधीच खाली आली. कंट्रोलरला काहीतरी क्रमांक देणं भाग असतं, म्हणून तो ७ देतो. मागे कुणीच नसतं. याला मी ‘पोकळ’ म्हणेन. ओळखायचं असं: पोर्ट हेक्स २० वर हेक्स ०बी लिहा, तिथूनच परत वाचा. सातवा बिट शून्य असेल तर इंटरप्ट पोकळ, ईओआय (‘इंटरप्टचं काम संपलं’ ही खूण) पाठवायचा नाही. पहिल्या चिपच्या २ क्रमांकाच्या लाइनला जोडलेल्या दुसऱ्या चिपकडून १५ आला आणि तिचा सातवा बिट शून्य निघाला, तर तिला ईओआय नाही, पण पहिल्या चिपला द्यावाच लागतो. पहिलीच्या दृष्टीने २ क्रमांकाची लाइन खरोखर वाजलेली असते. नवे लोक हमखास इथेच चुकतात.

दुसरा प्रकार म्हणजे ‘आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड’ हा कर्नलचा संदेश; आयआरक्यू म्हणजे इंटरप्टच्या लाइनचा क्रमांक. इथे इंटरप्ट अगदी खरा असतो, पण त्या लाइनवरचा प्रत्येक ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) ‘माझा नाही’ म्हणून आयआरक्यू_नन परत करतो.

उंबरठा: मग तो सरळ ‘बेवारस’. स्टेशनवर बेवारस बॅग म्हणतो तसं: वस्तू खरी, मालक पुढे येत नाही.

खटका: पटलं. कर्नल दर १,००,००० इंटरप्टमागे हिशेब करतो. त्यातले ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले की ती लाइनच बंद करतो. मग त्याच लाइनवरची निर्दोष उपकरणंही रखडतात, कारण त्यांची विचारपूस सेकंदाला जेमतेम दहा वेळा होते. संदेशातच आयआरक्यूपोल (यंत्र सुरू करताना कर्नलला द्यायचा पर्याय) लावून पाहा असं सुचवलेलं असतं. त्याने यंत्र चालतं, पण कारण झाकलं जातं. आधी /प्रोक/आयआरक्यू/१६/स्पुरियस ही फाइल वाचा, त्यात एकूण आणि बेवारस आकडे वेगळे दिलेले असतात.

लोलक: आणि ‘राऊटिंग’? त्याला ‘मार्गनिर्धारण’ लिहिलंय.

उंबरठा: फार जड. आणि इथेही दोन कामं एकत्र झालीत. उपकरणाची पिन आयओ-एपिकच्या (८२५९ नंतरच्या नव्या इंटरप्ट कंट्रोलरच्या) कोणत्या पायाला पोचते, ती ‘जोडणी’. ती बोर्डावर ठरते आणि कर्नलला एसीपीआयच्या (यंत्राच्या फर्मवेअरने दिलेल्या माहितीच्या) पीआरटी या जोडणीच्या तक्त्यातून कळते. तो इंटरप्ट कोणत्या प्रोसेसरकडे द्यायचा, ते ‘वाटप’. ते एसएमपी_ॲफिनिटी या फाइलीत लिहून चालू यंत्रावर बदलता येतं. वाटप चुकलं तर सहसा एका प्रोसेसरवर भार पडतो. जोडणी चुकली तर उपकरण मुकं होतं.

समजा तक्ता १६ म्हणतो आणि तार १७ ला गेलीये. १७ वर दुसरा ड्रायव्हर असेल तर तिथे बेवारसांचा पूर येतो. कुणीच नसेल तर ती लाइन मिटलेलीच असते, मग फक्त ड्रायव्हरचे टाइमआउट दिसतात आणि /प्रोक/इंटरप्ट्समध्ये त्या उपकरणाचा आकडा हलत नाही. म्हणून ती फाइल काही सेकंदांच्या अंतराने दोनदा पाहा. उपकरण एमएसआयवर (तारेऐवजी संदेशाने येणाऱ्या इंटरप्टवर) नीट चालतं आणि पीसीआय=नोएमएसआय हा एमएसआय बंद करणारा पर्याय दिल्यावर थांबतं, असं दिसलं तर संशय तक्त्यावरच घ्या. एमएसआय या तारेने येतच नाही, तो मेमरीत लिहून पोचतो.

लोलक: पीआरटी बरोबर असूनही पूर आला तर?

खटका: पोलॅरिटी बघा, म्हणजे लाइन वर असताना सक्रिय मानायची की खाली असताना. पीसीआयची (कार्डं जोडायच्या बसची) लाइन लेव्हलची असते, म्हणजे स्थिती टिकून आहे तोवर मागणी चालू, आणि खाली गेली की सक्रिय होते. आयओ-एपिकमध्ये ती उलटी नोंदली गेली तर निवांत लाइनही वाजतेय असं दिसतं, आणि लाइन उघडताच पूर सुरू. लेव्हलऐवजी एज (स्थिती बदलण्याचा क्षण) नोंदलं तर उलट होतं: एका उपकरणाने लाइन खाली धरलेली असताना दुसऱ्याने मागणी केली तर नवी एज येतच नाही, मागणी हरवते. या दोन्ही प्रकारांना ‘बेवारस’ लिहू नका. पहिल्याला ‘अडकलेली लाइन’, दुसऱ्याला ‘हरवलेला इंटरप्ट’.