चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं पन्हं बिघडतंय, चूक कैरीची की गुळाची?

शहापूरची_सून :
नमस्कार सगळ्यांना, जरा गडबडीत लिहितेय. शुक्रवारी आमच्याकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, साठेक बायका येतील. आंब्याची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी सगळं ठरलंय, पण पन्ह्याचं टेन्शन आलंय. मागच्या वर्षी आदल्या रात्रीच करून ठेवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी बायकांनी एक घोट घेतला की तोंडं अशी केली ना, कुणी काही बोललं नाही, पण अर्धे ग्लास तसेच परत आले. मी नंतर प्यायले तर जिभेला कसलातरी तुरट, चरचरीत लागलं, आंबलेलं नव्हतं आणि वासही नव्हता. बरं आमच्यात देवीला दाखवल्याशिवाय चव घ्यायची नाही, सासूबाईंचा कडक नियम, म्हणून आधी कळायचा प्रश्नच नाही. त्या धारवाडकडच्या, त्यांच्यात रामनवमीला पानक (गूळ-लिंबाचं सरबत) आणि कोसंबरी (भिजवलेल्या मूगडाळीची कोशिंबीर) असते, त्यामुळं कैरीचं पन्हं हे खातं माझ्या एकटीच्या गळ्यात. त्याच्या आदल्या वर्षीपण थोडं असंच झालेलं. कैरी तोतापुरी होती, गूळ पिवळाधमक मिळाला तोच. कैरी उकडू की भाजू, आणि साठ जणींना किती लागेल तेपण सांगा.

निपाणीची_माई :
अगं तोतापुरीनं कसलं पन्हं होतंय? तिला आंबटपणाच कमी. आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीत खानापूरकडच्या बायका रायवळ कैऱ्या घेऊन बसतात बघ, त्या घे. हिरव्यागार, दाबली तर दगडासारखी हवी. साठ जणींना दोन किलो कैरी बास, साली-कोयी जाऊन साधारण किलोभर गर निघतो, त्याला दीड किलो गूळ. लहान ग्लास धरलास तर सहा लिटर लागेल, दुसऱ्यांदा मागणाऱ्या असतातच म्हणून आठ लिटर कर. कुकरला दोन शिट्ट्या, पाणी कमी घाल, गार झाली की हातानंच कोळ, मिक्सर लावलास तर दोरे तुटून सगळ्यात मिसळतात मग गाळायला जीव जातो. गर-गूळ एकत्र करून फक्त गूळ विरघळेपर्यंत गरम करायचं, वेलदोडा, चिमटीभर केशर, मीठ अर्धा चमचा. हा अर्क फ्रीजमध्ये ठेव, पाणी मात्र बायका यायच्या तासभर आधी घालायचं. आदल्या दिवशीच पाणी घालून ठेवतं का कुणी ओ!

गुऱ्हाळवाला_पोरगा :
गुळावर बोलतो, घरचा धंदा आहे. पिवळाधमक, काचेसारखा चमकणारा गूळ दिसला की लोक खूश होतात, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवायची रासायनिक पावडर, घालून आणलेला असतोय. काळपट तांबूस, हाताला जरा चिकट लागणारा घ्या, पन्ह्याला रंग मातकट येईल तो येऊ दे. आणि कुठलाही गूळ असू दे, पाण्यात विरघळवून पंच्यातून गाळून घ्याच, तळाला रेव, चिपाडाचं कूस काहीही सापडतंय. पण तुम्ही सांगताय ती चव गुळाची वाटत नाही मला, गूळ खारट लागेल, जळका लागेल, जिभेला चरचरणार नाही.

टिळकवाडी_किचन :
मी कैरी भाजूनच घेते, गॅसवर वांग्यासारखी, साल काळी पडेपर्यंत. धुरकट वास छान येतो पण आठ लिटरला भाजत बसलात तर हळदीकुंकू बाजूलाच. घरापुरतं करून बघा कधीतरी.
दुसरं म्हणजे सासूबाईंना दोन्ही करून घालायचं असेल तर पानक अगदी सोपं आहे, गॅस लागत नाही. लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम गूळ, गाळून दोन लिंबं, अर्धा चमचा सुंठ, चार वेलदोडे, चार-पाच मिरे जाडसर कुटून, वर तुळशीचं पान. आमच्या शेजारच्या अज्जी त्यात कणभर खायचा कापूर घालतात. पण हे नीट वाचा, खायचा म्हणून मिळतो तोच, आरतीच्या वड्या अजिबात नाही, त्या विषारी असतात. शंका आली तर कापूर घालूच नका, पानकाचं काही अडत नाही.

कल्हई_काका :
बाकीचं राहू द्या. ते पन्हं रात्रभर कशात ठेवलं होतं?

शहापूरची_सून :
काका, देवाचं म्हणून पितळी घागरीत ठेवलं होतं, सासूबाईंच्या लग्नातली. घागर मात्र मी चिंचेनं घासून लख्ख केलेली हं.

कल्हई_काका :
मग सापडलं की. वैनी, पन्हं कळकलं तुमचं. कैरी बिचारी फुकट बदनाम झाली. चिंचेनं पितळ उजळतंय ते कशामुळं, आंबटात वरचा थर सुटतोय म्हणूनच ना? तेच काम कैरीनं आतल्या अंगाला रात्रभर केलं, तांब्याचा अंश उतरला पन्ह्यात. तशी चव लागली तर पिऊ नका, मळमळ, उलट्या होतात. पूर्वी पितळेला आतून कल्हई असायची, कथलाचा पांढरा थर. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं, धूर निघायचा आणि आतून चांदीसारखं व्हायचं. आमच्या वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. आता घागरीत बॅटरी लावून बघा, तळाला पिवळं दिसलं तर कल्हई गेलेली आहे. आंबट, ताक, लिंबू काही ठेवायचं नाही. लिंबाच्या पानकालापण हाच नियम. स्टीलचं पातेलं नाहीतर मातीचा माठ घ्या.

निपाणीची_माई :
बरोबर आहे काकांचं! माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि चवीचं असं कर, केल्याकेल्या वाटीभर पन्हं काढून देवीला दाखव, मग बाकीच्याची चव बघून गूळ-मीठ सारखं कर. नियम मोडत नाही आणि साठ जणींपुढं फजितीपण नाही.

शहापूरची_सून :
आत्ताच बघितलं, तळाला पिवळं आहे आणि काठाला हिरवट डागपण. सासूबाईंना दाखवलं तर म्हणतात आमच्या माहेरी पानक दगडीतच करायचे, तुला कुणी सांगितलं घागर काढायला. म्हटलं तुम्हीच! घागर धुऊन गौरीपुढं नुसतं पाणी भरून ठेवायचं ठरलंय, पन्हं स्टीलच्या पातेल्यात. रायवळ उद्या सकाळी आणते. काका, कल्हई करणारा शहरात अजून कुणी आहे का?

कल्हई_काका :
मी करत नाही आता, गुडघे गेले. पण घागर घेऊन या, भट्टी अजून आहे, पोराला बसवतो.